सावली एक, शब्द दोन

घराचं भाडं, रिक्षाचं भाडं, मंगल कार्यालयाचं भाडं, नाशिकहून मुंबईला कांदा नेणाऱ्या ट्रकचं भाडं. मराठी माणूस चारही ठिकाणी एकच शब्द वापरतो आणि घोटाळा कुठेच होत नाही. इंग्रजीत मात्र घराला 'रेंट' लागतं, रिक्षाला आणि एसटीला 'फेअर', ट्रकने पाठवलेल्या मालाला 'फ्रेट', आणि एका दिवसासाठी घेतलेल्या सभागृहाला बहुधा 'हायर चार्जेस'. कुणी रिक्षाच्या बाबतीत 'रेंट' म्हटलं, तर ते नुसतं कानाला खटकतं असं नाही. त्याचा अर्थच बदलतो. रिक्षा स्वतःच्या मालकीची नसलेला चालक मालकाला रोज जे पैसे देतो, ते रिक्षाचं 'रेंट'. प्रवासी देतो ते 'फेअर'.

अशा जोड्या पुष्कळ आहेत. झाडाखाली बसतो ती सावली 'शेड', भिंतीवर आपल्या आकाराची पडते ती 'शॅडो'. हाताचं बोट 'फिंगर', पायाचं 'टो'. भिंतीवरचं घड्याळ 'क्लॉक', मनगटावरचं 'वॉच'. मराठीत एक शब्द आणि इंग्रजीत दोन, एवढीच अडचण असेल तर ती लवकर सुटते. जोडी एकदा नीट समजली की पुन्हा चूक होत नाही. खरी अडचण येते ती दोन्ही शब्द बसतील असं वाटतं तिथे. शब्दकोशात दोघांसमोर एकच मराठी अर्थ छापलेला असतो आणि शाळेच्या वहीत दोघांच्या मध्ये बरोबरीचं चिन्ह असतं. हे चिन्ह डोक्यातून काढून टाकलं, तर निम्मं काम झालं.

मराठी माध्यमातून शिकलेल्या अनेकांना वाटतं, की इंग्रजीतले हे बारकावे आपल्या हाती लागायचे नाहीत. तसं नाही. पुष्कळ बारकावे मराठीत आधीपासूनच आहेत, ते फक्त ओळखायला हवेत. 'सी', 'लुक' आणि 'वॉच' घ्या. 'मला दिसलं' आणि 'मी बघितलं' यांतला फरक लहान मूलही जाणतं. दिसणं आपोआप होतं, बघण्यासाठी नजर वळवावी लागते. 'मला दिसलं' म्हणायचं असेल तिथे 'सी', 'मी बघितलं' तिथे 'लुक', आणि पुढे काय होतंय याकडे लक्ष ठेवून बघत राहिलो तिथे 'वॉच'. म्हणून क्रिकेटचा सामना 'वॉच' करतात, फोटोकडे 'लुक' करतात, आणि गर्दीत ओळखीचा चेहरा 'सी' होतो. 'हिअर' आणि 'लिसन' यांचंही तेच. ऐकू येतं ते 'हिअर', कान देऊन ऐकतो ते 'लिसन'. ज्याला 'ऐकू आलं, पण ऐकलं नाही' हे वाक्य कळतं, त्याला ही जोडी वेगळी शिकवावी लागत नाही.

'से' आणि 'टेल' यांच्या बाबतीत मराठी अर्धीच वाट दाखवते. 'म्हणणं' आणि 'सांगणं' हा फरक ढोबळमानाने जुळतो, पण 'तिने सांगितलं की उशीर होईल' हे वाक्य मराठीत कुणाला सांगितलं याचा उल्लेख न करता पूर्ण होतं. इंग्रजीतल्या 'टेल'ला अशा वाक्यात माणूस लागतोच: 'शी टोल्ड मी', 'शी टोल्ड हिम'. माणूस नसेल तर 'शी सेड'. 'शी सेड मी' आणि 'शी टोल्ड दॅट' या दोन्ही चुका इथूनच येतात. म्हणजे इथे निवड अर्थाने होत नाही, वाक्याच्या रचनेने होते. 'रॉब' आणि 'स्टील' यांचंही असंच आहे. 'रॉब'च्या पुढे लुटला गेलेला माणूस किंवा बँक येते, 'स्टील'च्या पुढे चोरलेली वस्तू. चोराने पाकीट 'स्टील' केलं आणि प्रवाशाला 'रॉब' केलं.

क्रियापदांमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ 'करणं' घालतं. चहा करणं, चूक करणं, फोन करणं, अभ्यास करणं, आंघोळ करणं, लग्न करणं, प्रवास करणं: मराठीत एकाच क्रियापदावर सगळं निभावतं. इंग्रजीत चहा, चूक आणि फोन 'मेक' होतात, गृहपाठ आणि घरकाम 'डू' होतं, आंघोळ 'टेक' किंवा 'हॅव' होते. जिथे नवीन काही तयार होतं तिथे 'मेक', नुसतं काम उरकायचं असतं तिथे 'डू', असा नियम सांगितला जातो आणि तो बराच लांबपर्यंत चालतो. पण सकाळी उठून अंथरूण आवरणं हेही 'मेक द बेड' असतं, आणि तिथे काही नवीन तयार होत नाही. म्हणून नियमापेक्षा जोडी पाठ असलेली बरी. 'मिस्टेक' हा शब्द शिकतानाच 'मेक अ मिस्टेक' असा शिकावा.

'परीक्षा देणं' हे त्यातलं सगळ्यात फसवं उदाहरण. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शाळा परीक्षा घेते. इंग्रजीत देणंघेणं नेमकं उलटं होतं. विद्यार्थी 'टेक' करतो, किंवा ब्रिटिश वळणाने परीक्षेला 'सिट' करतो, आणि शिक्षक 'गिव्ह' करतात. भारतात 'गिव्ह ॲन एक्झाम' इतकं रुळलं आहे की इथे कुणाला शंका येत नाही. पण परदेशी विद्यापीठाच्या अर्जात ते लिहिलं, तर वाचणाऱ्याला क्षणभर वाटेल की अर्जदार शिक्षक आहे.

इंग्रजीत एकाच गोष्टीला इतके शब्द आले कुठून, हे कळलं की निवड सोपी होते. 1066 मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि पुढची दोन-तीन शतकं दरबार आणि न्यायालय फ्रेंचमध्ये चाललं. शेतात आणि घरात लोक जुनी इंग्रजीच बोलत राहिले. चर्चमध्ये आणि विद्वानांच्या लिखाणात लॅटिन होती. त्यामुळे एका अर्थाचे तीन-तीन शब्द साठले. 'आस्क' घरातला, 'क्वेश्चन' फ्रेंचमधून आलेला, 'इंटरॉगेट' लॅटिनमधला. राजासारखं म्हणायला 'किंगली', 'रॉयल' आणि 'रीगल'. गोठ्यातली गाय 'काउ' राहिली आणि ताटात आली की फ्रेंच नावाने 'बीफ' झाली.

हे मराठी वाचकाला परकं वाटायचं कारण नाही. मराठीतही घरगुती, संस्कृत आणि फारसी-अरबी असे थर एकावर एक बसले आहेत. शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला, तो कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठीच. दोन थरांतले शब्द शेजारी ठेवून जोडशब्द करण्याची खोडही दोन्ही भाषांना आहे. इंग्रज वकील मृत्युपत्राला 'विल अँड टेस्टामेंट' म्हणतो, त्यात 'विल' जुना इंग्रजी आणि 'टेस्टामेंट' लॅटिन. मराठी माणूस 'धनदौलत', 'कागदपत्र', 'बाजारहाट', 'रीतिरिवाज' म्हणतो, त्यातही एक शब्द या बाजूचा आणि एक त्या बाजूचा.

याचा उपयोग असा, की शब्दाचा थर ओळखता आला तर तो कुठे शोभेल हे कळतं. पाहुण्यांना कुणी 'जल घेता का' असं विचारत नाही, आणि 'जलसंपदा विभागा'चं नाव कुणी 'पाणीसंपदा' करत नाही. 'बिगिन' किंवा 'स्टार्ट' म्हणजे पाणी, 'कमेन्स' म्हणजे जल. निमंत्रणपत्रिकेत कार्यक्रम 'कमेन्स' होऊ दे, पण मित्राला जेवायला बसलो असं सांगताना 'कमेन्स' लिहिलं तर ते जल पाजल्यासारखं होतं. जे इंग्रजी पुस्तकांतूनच शिकले त्यांच्याकडून ही चूक जास्त होते, कारण त्यांना जड शब्द आधी भेटतात. अवघड शब्दाने भाषा चांगली दिसते हा समज तर फारच नुकसान करतो. दोन शब्दांत खरोखर ठरवता येत नसेल, तर लहान आणि घरगुती शब्द घ्यावा. तो क्वचितच चुकतो.

'चौकशी' या एका शब्दाने हा मुद्दा छान उलगडतो. रेल्वे स्थानकावर 'चौकशी' लिहिलेली खिडकी असते आणि पोलीस ठाण्यातही चौकशी होते. इंग्रजीत खिडकीवर 'एन्क्वायरी', खात्याअंतर्गत किंवा आयोगाची असेल तर 'इन्क्वायरी', संशयिताला समोर बसवून प्रश्न विचारणं 'इंटरॉगेशन', आणि पुरावे गोळा करत केलेला सगळा तपास 'इन्व्हेस्टिगेशन'. नोकरीच्या मुलाखतीबद्दल सांगताना कुणी 'दे इंटरॉगेटेड मी' म्हटलं, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मुलाखतीची खोली येणार नाही, कोठडी येईल.

कायद्यात तर हा फरक माणसाच्या शिक्षेवर परिणाम करतो. 'थेफ्ट', 'रॉबरी' आणि 'डकॉइटी' यांना बोलताना सरसकट चोरी-दरोडा म्हटलं जातं. मॅकॉले यांच्या मसुद्यातून 1860 मध्ये आलेल्या भारतीय दंड संहितेने या शब्दांच्या रेषा आखून दिल्या, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही त्या तशाच आहेत. संमतीशिवाय, लबाडीने वस्तू उचलली तर चोरी. मारहाण करून किंवा मारण्याची भीती घालून नेली तर 'रॉबरी', म्हणजे जबरी चोरी. पाच किंवा अधिक जणांनी मिळून केली तर 'डकॉइटी', म्हणजे दरोडा. दोघांनी सुरा दाखवून दुकान लुटलं, तर कायद्याच्या भाषेत तो दरोडा नाही. गुन्ह्याची बातमी किंवा तक्रारीचं भाषांतर करणाऱ्याने हे पाठच ठेवायला हवं.

वैद्यकशास्त्रातली 'सिम्प्टम' आणि 'साइन' ही जोडीही मराठीत एकाच 'लक्षणा'त मावते. रुग्णाला जाणवतं आणि त्याने सांगितल्यावरच कळतं ते 'सिम्प्टम': डोकेदुखी, मळमळ. डॉक्टरला तपासून दिसतं ते 'साइन': वाढलेला रक्तदाब, अंगावरचं पुरळ. 2020 च्या साथीत 'आयसोलेशन' आणि 'क्वारंटाइन' असेच एकमेकांत मिसळले. आजारी व्यक्तीला वेगळं ठेवणं हे पहिलं. संसर्गाची शक्यता असलेल्या, पण अजून आजारी नसलेल्या व्यक्तीला वेगळं ठेवणं हे दुसरं. घराघरांत दोन्हींसाठी 'विलगीकरण' हा एकच शब्द ऐकू येत होता. वेगळं ठेवलेला प्रत्येक माणूस आजारीच आहे, असं शेजाऱ्यांना वाटायला तेवढं पुरेसं होतं.

राजकारणात शब्दांची ही निवड देशांच्या पातळीवर जाते. एप्रिल 2001 मध्ये अमेरिकेचं टेहळणी विमान आणि चिनी लढाऊ विमान दक्षिण चिनी समुद्रावर धडकलं. चिनी वैमानिक मरण पावला, अमेरिकेच्या विमानाला हायनान बेटावर उतरावं लागलं आणि त्यातले 24 जण चीनच्या ताब्यात गेले. चीनला माफी हवी होती. अमेरिकेला 'अपॉलजी' हा शब्द द्यायचा नव्हता, कारण त्यात चूक कबूल केल्यासारखं होतं. अखेर अमेरिकी राजदूतांच्या पत्रात 'व्हेरी सॉरी' आलं. 'सॉरी'त दुःख मावतं आणि माफीही मावते, त्यामुळे प्रत्येक बाजूला आपापला अर्थ काढता आला. 11 दिवसांनी माणसं सुटली. एप्रिल 2019 मध्ये, जालियनवाला बागेच्या हत्याकांडाला 100 वर्षं होत असताना, ब्रिटनच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी संसदेत खोल 'रिग्रेट' व्यक्त केलं. 'अपॉलजी' त्यांनी टाळली, आणि भारतातली नाराजी नेमकी त्या न आलेल्या शब्दाबद्दल होती.

रोजच्या कामातही ही तीन पायऱ्यांची शिडी लागते. 'रिग्रेट' म्हणजे खेद: झालं ते वाईट झालं. 'अपॉलजाइज' म्हणजे माफी: ते आमच्यामुळे झालं. 'सॉरी' दोन्हीकडे जातो. म्हणून कुणाच्या घरी मृत्यू झाला असेल तर 'आय ॲम सॉरी' बरोबर आहे आणि 'आय अपॉलजाइज' भलतंच आहे. उलट चुकीचं बिल पाठवलेल्या ग्राहकाला 'वी रिग्रेट' लिहिलं, तर त्याला वाटतं की चूक अंगावर घ्यायची टाळाटाळ चालली आहे. तिथे सरळ 'वी अपॉलजाइज' लिहावं.

काही शब्दांचा अर्थ अगदी एक असतो, पण त्यामागची भावना वेगळी असते. 'स्लिम' आणि 'स्किनी' दोघीही बारीकच, पण पहिलीचं कौतुक होतं आणि दुसरीची हाडं मोजली जातात. 'थ्रिफ्टी' काटकसरी, 'स्टिंजी' चिक्कू. 'चाइल्डलाइक' निरागस, 'चाइल्डिश' पोरकट. 'फेमस' आणि 'नोटोरियस' म्हणजे नामवंत आणि कुप्रसिद्ध. बर्ट्रांड रसेल यांनी 1948 मध्ये बीबीसीच्या एका कार्यक्रमात हे फार नेमकं दाखवलं. एकच हट्टीपणा स्वतःचा असला की आपण त्याला ठामपणा म्हणतो, समोरच्याचा असला की आडमुठेपणा, आणि तिथे नसलेल्या तिसऱ्याचा असला की मूर्खपणा. निरोप समारंभात शिक्षकांच्या 'चाइल्डिश' हास्याचं कौतुक करणाऱ्याला निरागस हास्य म्हणायचं असतं, पण पोचतं ते पोरकट. असा शब्द वापरण्याआधी तो स्वतःबद्दल कुणी म्हटला तर आवडेल का, एवढं विचारून पाहावं.

आता राहिला तो सगळ्यात अवघड भाग, जिथे अर्थ, थर आणि भावना तिन्ही सारखे असूनही एकच शब्द चालतो. मराठीत काळोख मिट्ट असतो, प्रकाश लख्ख, धुकं दाट आणि झाडी गर्द. 'गर्द धुकं' किंवा 'मिट्ट झाडी' का म्हणत नाहीत, याला कारण नाही. शब्दांची सोबत ठरलेली असते. इंग्रजीत चहा 'स्ट्राँग' असतो, 'पॉवरफुल' नसतो. पाऊस 'हेवी' आणि वारा 'स्ट्राँग'. इमारत 'टॉल' आणि डोंगर 'हाय'. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाअखेर लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवायला आलेले जे. आर. फर्थ पुढे लंडनला भाषाशास्त्राचे प्राध्यापक झाले. शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून होते, हा विचार त्यांनी ठामपणे मांडला. त्यांच्यानंतर जॉन सिंक्लेअर यांनी बर्मिंगहॅम विद्यापीठात लाखो वाक्यं संगणकात साठवून ही सोबत मोजली, आणि त्यातून 1987 मध्ये कोबिल्ड शब्दकोश निघाला.

अशा मोजणीतून काही गोष्टी अनपेक्षित निघाल्या. 'कॉज' हे क्रियापद कोशात साधं 'घडवून आणणं' असं दिसतं. प्रत्यक्षात त्याच्या पुढे बहुतेक वेळा 'डॅमेज', 'पेन', 'प्रॉब्लेम', 'डेथ' असेच शब्द येतात. म्हणून 'हिज व्हिजिट कॉज्ड हॅपिनेस' व्याकरणात बरोबर असूनही विचित्र वाटतं. आनंदासाठी 'ब्रिंग' घ्यावं. ही गोष्ट इंग्रजी बोलणाऱ्यालाही विचारलं तर सांगता येत नाही. ती पुष्कळ वाक्यं वाचल्यावरच लक्षात येते.

मग हाताशी कोणता कोश ठेवावा? समानार्थी शब्दांचा सगळ्यात प्रसिद्ध कोश पीटर मार्क रॉजे यांचा, 1852 चा. रॉजे हे डॉक्टर होते, आणि त्यांचा कोश शब्द आधीच माहीत असलेल्या, पण ऐन वेळी न आठवणाऱ्या माणसासाठी होता. त्यात शब्दांच्या रांगा असतात, फरक नसतात. इंग्रजी शिकणाऱ्याने त्यातून अनोळखी शब्द उचलून वाक्यात बसवणं धोक्याचं आहे. त्याच्यासाठी वेगळे कोश आहेत, आणि त्यांतल्या एका प्रसिद्ध कोशाची सुरुवात जपानमध्ये झाली. तिथे इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांच्या लक्षात आलं, की विद्यार्थ्याला अर्थ कळतो, पण शब्द वाक्यात कसा चालवायचा हे कळत नाही. त्यांचा कोश 1942 मध्ये टोकियोत निघाला आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डने तो आपल्या नावाने छापला. आजची ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी ती हीच. लाँगमन, केंब्रिज आणि कोबिल्ड यांचेही असे कोश आहेत, आणि मोबाइलवर ते फुकट बघता येतात.

त्यांत बघायचं काय, तर अर्थ सगळ्यात शेवटी. आधी शब्दापुढची खूण: 'फॉर्मल', 'इनफॉर्मल', 'डिसअप्रूव्हिंग'. मग उदाहरणांची वाक्यं, आणि त्यांत त्या शब्दाच्या मागेपुढे कोण उभं आहे ते. आपल्या वाक्यासारखं एकही वाक्य तिथे नसेल, तर शब्द बहुधा चुकीचा आहे. ऑक्सफर्डचा कोलोकेशन्स, म्हणजे शब्दांच्या सोबतीचा, कोश 2002 पासून मिळतो. त्यात 'रेन' उघडलं की पावसाला कोणती विशेषणं लागतात ती सगळी एका जागी दिसतात. मराठीतून अर्थ सांगणारा कोश टाकून द्यायची गरज नाही. इंग्रजी वाचताना तो उत्तम साथ देतो. पण इंग्रजी लिहिताना त्यातून मिळालेला शब्द आधी शिकणाऱ्यांच्या कोशात तपासावा आणि मगच वापरावा. वही करायची असेल तर एका बाजूला शब्द आणि दुसऱ्या बाजूला अर्थ अशी करू नये. 'पे अटेन्शन', 'टेक अ रिस्क', 'कीप अ प्रॉमिस' असे तुकडे लिहावेत, आणि शेजारी कुठल्या प्रसंगात वाचले ते.

काही वादांत मात्र फार वेळ घालवायची गरज नाही. 'लेस' आणि 'फ्यूअर' हा त्यातला एक. मोजता येतं त्याला 'फ्यूअर', मोजता येत नाही त्याला 'लेस', ही रॉबर्ट बेकर यांनी 1770 मध्ये नोंदवलेली आवड पुढे नियम बनली. ब्रिटनमधल्या टेस्को दुकानांच्या गल्ल्यांवर 'टेन आयटम्स ऑर लेस' अशी पाटी होती. तक्रारी झाल्या तेव्हा 2008 मध्ये त्यांनी 'अप टू टेन आयटम्स' लिहून दोन्ही शब्द टाळले. परीक्षेत आणि औपचारिक लेखनात नियम पाळावा, बोलताना त्यावर अडू नये.

भारतात रुळलेल्या इंग्रजी शब्दांबद्दलही न्यूनगंड नको. 'प्रीपोन' हा इथे रुळलेला शब्द, तो आता इंग्रजी कोशांत आहे. 'रिव्हर्ट' मात्र जपून वापरावा. भारतीय कार्यालयात त्याचा अर्थ उत्तर देणं असा होतो, बाहेर मूळ स्थितीला परत जाणं असा. पुण्यातल्या सहकाऱ्याला 'प्लीज रिव्हर्ट' लिहिलं तर चालतं. लंडनच्या ग्राहकाला 'प्लीज रिप्लाय' लिहावं. बैठक अलीकडे घ्यायची असेल तर इथे 'प्रीपोन', ब्रिटनला 'ब्रिंग फॉरवर्ड', अमेरिकेला 'मूव्ह अप'. पत्र तिन्हीकडे जाणार असेल, तर क्रियापद निवडत बसण्यापेक्षा बैठकीची नवी तारीख, वार आणि वेळ सरळ लिहून टाकावी.